सुईचे सोवळे

दुखण्याप्रमाणेच दुखण्यावरील उपायांचीही एक अभिरुची असते आणि ती पिढीगणिक बदलते. आमच्या पणजोबांच्या काळी वैद्याने कडक पथ्य सांगितल्यावाचून औषधाला औषधपण येत नसे. आजोबांच्या काळी दवाखान्यातून लालसर औषधाची, कडेला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी डकवलेली बाटली घरात आली की निम्मा ताप तेथेच उतरे. आमच्या पिढीची सारी भक्ती सुईवर जडली आहे. दवाखान्यातून परत येणारा गृहस्थ ‘नुसत्या गोळ्या दिल्या हो’ असे ज्या सुरात सांगतो, तो सूर लग्नाला जाऊन नुसत्या चहावर परत आलेल्या पाहुण्याचा असतो. डॉक्टरही माणूसच आहे. सुई दिली नाही तर हा गृहस्थ उद्या पलीकडच्या गल्लीतील दवाखान्याची पायरी चढेल हे तो जाणतो, आणि मग ताकदीची म्हणून एक सुई टोचली जाते. देणारा व घेणारा दोघेही संतुष्ट होतात.

या संतोषात एका गोष्टीचा विसर पडतो. गोळी पोटात जाते ती राजमार्गाने जाते. तोंडापासून आतड्यापर्यंत तिला ठिकठिकाणी चौकीपहारे लागतात. सुई त्वचेची तटबंदी फोडून थेट आत उतरते. तिच्याबरोबर जे काही जाईल, ते औषध असो की आधीच्या रोग्याच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश असो, त्याला अडवणारा पहारेकरी वाटेत कोणी नसतो. लस, इन्सुलिन किंवा घटकाभरात प्राण जाऊ पाहणारे आजार यांच्यासाठी या आडवाटेने जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे सुईने केलेले उपकार अपार आहेत. पण सर्दीतापासाठी रोज तट फोडावयाचा तर फोडणाऱ्या हत्याराची चौकशी नको का? २००३-०४ च्या सुमारास आपल्या देशात झालेल्या एका विस्तृत पाहणीत दर १०० सुयांमागे ६० हून अधिक सुया कोणत्या ना कोणत्या कारणाने असुरक्षित ठरल्या होत्या. त्या प्रत्येक सुईतून रोग गेला असे नव्हे. परंतु रोगाला दार उघडे होते एवढे खास.

मोठ्या नवलाची गोष्ट अशी की, न दिसणाऱ्या विटाळाची कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. माझ्या आजीचे सोवळ्याचे लुगडे माजघरात उंच दांडीवर वाळत असे. ते काठीने चढवावयाचे व काठीनेच उतरवावयाचे. आम्हा मुलांपैकी कोणाचा निसटता हात लागला तरी ते पुन्हा पाण्यात जाई. ‘आजी, पण त्याला काही लागलेले दिसत नाही’ असा वाद मी घाली. त्यावर तिचे ठरलेले उत्तर असे, ‘दिसत नाही म्हणजे नाही होय रे?’ पुढे एकदा एका शल्यवैद्य मित्राच्या कृपेने शस्त्रक्रियागृहाच्या काचेआडून आतला व्यवहार पाहण्याचा योग आला, तेव्हा मला आजीची आठवण झाली. तेथील परिचारिका हात धुऊन, मोजे चढवून, दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. तिचे कोपर टेबलाच्या कडेला ओझरते लागले मात्र, ती मुकाट्याने मागे सरली आणि अंगरखा व मोजे बदलून आली. कोणी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. डाग दिसत होता का? नव्हता. पण स्पर्श झाला होता.

साम्य येथेच संपते, आणि भेद मोठा आहे. आजीच्या सोवळ्यात वस्तूंपेक्षा माणसेच अधिक ओवळी ठरत. तीही कर्माने नव्हे, जन्माने. त्या सोवळ्याने किती जणांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले, त्याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. शस्त्रक्रियागृहातले सोवळे निराळे. तेथे शल्यवैद्यासकट सगळीच माणसे ओवळी धरलेली असतात. प्रत्येकाच्या रक्तात रोग आहे असे समजून वागावयाचे, मग तो कुलगुरू असो वा रस्ता झाडणारा असो. सोवळी असतात ती हत्यारे, आणि तीही पाकीट फुटेपर्यंत व पहिला स्पर्श होईपर्यंत. असे हे सोवळे आम्हा सुशिक्षितांनी मनापासून उचलावयास हवे होते. आम्ही जुने सोवळे सोडले हे उत्तमच झाले. नवे मात्र डॉक्टरवर सोपवून मोकळे झालो.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ च्या आगेमागे, आमच्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात काचेच्या सिरिंजा असत. कंपाउंडर त्या स्टोव्हवरच्या लांबट पत्र्याच्या डब्यात उकळी. झाकण उघडले की वाफेचा लोट उठे, आणि चिमट्याने सिरिंज बाहेर आली की बाकावरच्या मुलांचे चेहरे उतरत. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून त्यांना धार लावीत, आणि भोक बुजले तर आत बारीक तार घालीत. पाणी खळखळू लागल्यावर २० मिनिटे सिरिंज तशीच राहू द्यावी असा नियम होता. परंतु संध्याकाळी बाकावर रोगी ३०, सिरिंजा ४ आणि स्टोव्हमध्ये रॉकेल बेताचे, अशा वेळी त्या २० मिनिटांची किती मिनिटे होत असतील ते घड्याळालाच ठाऊक. त्या कंपाउंडरविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. साऱ्या गावाला तो नावानिशी ओळखीत असे आणि रात्री-अपरात्री हाकेला धावून येई. प्रश्न त्याच्या सद्भावाचा नव्हता, मिनिटांचा होता.

शिवाय उकळणे हाही पुरता उपाय नव्हे. धनुर्वाताच्या जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही टिकून राहते. त्याला मारावयाचे तर कोंडलेली वाफ हवी. पास्तरचा सहकारी शाम्बरलाँ याने १८७९ मध्ये त्यासाठी बंद पात्र तयार केले. त्यात चौरस इंचाला १५ पौंड दाब दिला की वाफेची उष्णता १२१ अंशांवर जाते, आणि ती १५ ते ३० मिनिटे टिकवली की चिवट बीजही उरत नाही. ज्या घरात वरणभात कुकरमध्ये शिजतो त्या घरात हे निराळे समजावून सांगावयास नको. तेथेही दाब साधारण तेवढाच असतो.

सुईच्या पूर्वीचा काळ याहून अवघड होता. १८०२ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली टोचणी. ती लस कुपीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, त्याच्यावरून तिसऱ्याच्या, अशी दंडादंडाची साखळी असे. देवीपासून लाखो जीव वाचले ते या साखळीने, आणि उपदंशासारखे रोग निरपराध मुलांच्या अंगी गेले तेही हिच्याच एखाद्या कडीतून. इंग्लंडात १८९८ मध्ये कायद्याने ही रीत बंद झाली. माझ्या स्वतःच्या दंडावर देवीची खूण आहे. त्या मोहिमेच्या अखेरच्या वर्षांतील दुबेळक्या टोकाची सुई उकळून किंवा ज्योतीत धरून पुनःपुन्हा वापरीत. एकच हत्यार पुन्हा वापरणे हे पाप नव्हे. मधला अग्निसंस्कार चुकवणे हे पाप.

तो चुकला तर काय होते याचे एक उदाहरण आम्हा महाराष्ट्रीयांना तरी ठाऊक असावयास हवे, कारण त्याचा एक धागा मुंबईत परळला गुंतलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन नावाच्या, ओडेसात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १८९७ च्या जानेवारीच्या १० तारखेस ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या राजभवनात त्याची प्रयोगशाळा गेली. तेथून लाखो मात्रा देशभर रवाना होऊ लागल्या. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा कहर झाला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरच्या ३० तारखेस मुल्कोवाल नावाच्या एका खेड्यात ५ बाटल्यांतून १०७ माणसांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला. ते सारे दगावले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतील लस दिलेली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

बाटली परळची, तेव्हा दोष परळचा, असा सरळ हिशेब सरकारने मांडला. लस तयार करण्याच्या रीतीत हाफकिनने थोडा बदल केला होता, तोच नडला असे चौकशीमंडळाने ठरविले. त्याला प्रयोगशाळेतून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःच्या दंडावर लस पारखली होती, त्याच्यावर एकोणीस मृत्यूंचा डाग बसला. परंतु साक्षीपुराव्यात एक बारीकशी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि योग्य रीतीने निर्जंतुक न होताच तो पुन्हा वापरला गेला होता. जमीन खेड्यातली, तेथे धनुर्वाताचे बीज असणे साहजिकच होते. बाटलीतच विष आधीपासून वाढलेले असते तर लक्षणे दिसावयास आठवडा लागला नसता, असेही जाणत्यांचे म्हणणे पडले. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची निर्दोषता पुकारली. सरकारने अखेर त्याला दोषमुक्त केले खरे, पण परळचे त्याचे आसन गेले ते गेलेच. त्याला कलकत्त्यास जावे लागले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस त्याचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडात वारला.

मी ही हकीगत वर्गात सांगतो तेव्हा मुलांना हाफकिनवरील अन्यायाचे वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. माझे मन मात्र त्या चिमट्यापाशी रेंगाळते. तो पडला तेव्हा भोवती शंभरावर माणसे उभी असतील. त्यांतील कोणाला ‘तो खाली पडला होता’ असे म्हणावेसे वाटले असते, तर त्याने तसे म्हणावे अशी काही सोय होती काय? साहेब टोचतो आहे, सरकारी काम चालले आहे, आणि आपण कोण?

पुढे काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली. १९८६ मध्ये आपल्या देशात एड्सचा विषाणू आढळला, आणि त्या धास्तीने एकदाच वापरावयाच्या सिरिंजा हळूहळू सर्वत्र आल्या. आता चिंता मिटली असे सर्वांस वाटले. पण ‘एकदाच’ हा शब्द पाकिटावर छापलेला असतो, हातावर नव्हे. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे बी जातीच्या काविळीने अनेक जण दगावले आणि वापरलेल्या सुयांचा बाजार उघडकीस आला. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात एचआयव्हीचे रुग्ण एकाएकी सापडू लागले; गावोगाव फिरणाऱ्या एका भोंदूने एकच सुई अनेकांना टोचल्याचा आरोप झाला. २०१९ मध्ये सिंधमधील रतोडेरोत शेकडो मुलांना तोच विषाणू जडल्याचे आढळले. हे सारे लोभाचे आणि अडाणीपणाचे प्रताप म्हणून सोडून द्यावेत, तर ईजिप्तचे काय करावयाचे? तेथे १९५० नंतरची सुमारे तीन दशके सरकारी वैद्यांनी एका कृमिरोगाच्या निर्मूलनासाठी खेडुतांना सुयांचे मोफत उपचार दिले. हेतू निर्मळ, मोहीम मोठी, काचेच्या सिरिंजा थोड्या, आणि उकळण्यास वेळ नाही. कृमी हटले, आणि सी जातीची कावीळ घरोघर पोचली.

हे सी अक्षर आमच्याही घरात आले. माझे थोरले चुलतबंधू सात-आठ वर्षांपूर्वी कन्येच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त द्यावयास गेले, तेव्हा त्यांच्या रक्तात तो विषाणू निघाला. तज्ज्ञाने प्रश्न विचारले. कधी रक्त घेतले होते का? गोंदवून घेतले होते का? लहानपणी सुया फार झाल्या होत्या का? शेवटच्या प्रश्नावर बंधू हसले. आम्हा दोघांचे बालपण त्याच स्टोव्हच्या वाफेत गेले होते. त्यांना विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर रोज सुई होती. त्यांतली नेमकी कोणती, किंवा मुळात त्यांतली एक तरी की अन्य कुठली, हे कळण्याचा मार्ग आता नाही. चाळीस वर्षे तो पाहुणा त्यांच्या यकृतात निमूटपणे बसून होता. सुदैवाने आता या रोगावर उत्तम गोळ्या निघाल्या आहेत आणि २०१८ पासून सरकारी योजनेत त्या मोफतही मिळतात. १२ आठवड्यांत बंधू मोकळे झाले. पण तपासणीचा कागद आला त्या रात्री त्यांनी मला दूरध्वनी केला आणि म्हणाले, ‘माझी गोष्ट सोड. वहिनीची आणि मुलांची तपासणी व्हायची आहे. तोवर मला घरातल्या कात्रीलासुद्धा हात लावावासा वाटत नाही.’ चार दिवसांनी बाकीच्यांचे कागद निर्दोष आले. ते चार दिवस त्या घरात बंधू स्वतःच स्वतःला ओवळे मानून वावरत होते.

तेव्हापासून आमच्या घरात विचारण्याची रीत पडली. विचारावयाचे थोडेच असते. सिरिंजेचे पाकीट माझ्यासमोर फोडा. नुसती सुई बदलू नका, पिचकारीही नवी घ्या. कारण सुई अंगात असताना रक्ताचा सूक्ष्म अंश मागे पिचकारीत चढतो. अनेकांसाठी एकच औषधाची कुपी असेल तर तिच्यात वापरलेली सुई पुन्हा बुडवू नका. सकाळपासून स्पिरिटात भिजत ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांपेक्षा ताजा बोळा बरा. आमच्या सौभाग्यवती एका दवाखान्यात हे प्रथम बोलल्या, तेव्हा तेथील डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. ‘आमच्यावर विश्वास नाही वाटतं?’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्यावर आहे डॉक्टरसाहेब. सुईची अन् माझी ओळख नाही.’ डॉक्टर हसले, आणि पाकीट समोर फाडले. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. आमच्या घरातला सोनार कोण, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. खऱ्या सोनाराकडे नातीचे कान टोचावयाचे होते तेव्हाही त्याच पुढे होत्या. जत्रेतील गोंदणारा आणि नाक्यावरचा न्हावी यांनाही हाच न्याय लागू आहे. पाते नवे लावले की नाही हे आरशात बघून कळते, आणि विचारण्यास पैसे पडत नाहीत.

एकदा वापरली की आपोआप अडकून बसणारी, दट्ट्या पुन्हा मागे ओढता न येणारी सिरिंज आता निघाली आहे, आणि सरकारी लसीकरणात तीच वापरतात. ती सर्वत्र व्हावी असे मला वाटते. माणसाच्या सद्भावावर नियम टांगण्यापेक्षा तो यंत्रातच बसवलेला बरा. परंतु सुई आता दवाखान्यातच राहिलेली नाही. आपल्यासारख्या कुटुंबांत मधुमेहाच्या पायी ती स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. एका परिचित घरी वडील आणि काका दोघे मिळून इन्सुलिनचे एकच पेन वापरीत. सुई निराळी, तेव्हा काय बिघडले, असा त्यांचा समज होता. पेनच्या आतल्या नळीतही रक्ताचा अंश उलट जाऊ शकतो हे ऐकून ते चकित झाले. आणि वापरलेल्या सुया? त्या केराच्या पिशवीत. तेथून त्या ज्या हातात जातात त्या हाताचा विचार आम्ही क्वचितच करतो. बी जातीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही ७ दिवसांपर्यंत जिवंत राहतो, आणि लस न घेतलेल्यास अशी सुई बोचली तर १०० पैकी ३० वेळांपर्यंत तो शिरकाव करू शकतो. ओला केर आणि सुका केर हाताने निवडणाऱ्या बाईला हा आकडा कोणी सांगितलेला नसतो.

माझ्या मातोश्री ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन लागते. आजीच्या हाताखाली त्यांनी सोवळ्यातला सारा स्वयंपाक केला, आणि आजी गेल्यावर ती दांडी त्यांनीच काढून टाकली. जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा त्यांनी फडताळात वरच्या फळीवर ठेवला आहे. सुई टोचून झाली की टोपण परत न लावता ती थेट त्या डब्यात जाते. डबा पाऊणएक भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर त्या स्वतःच्या थरथरत्या अक्षरात ‘सुया आहेत’ असे लिहितात. केर नेणाऱ्या बाई सकाळी येतात तेव्हा तो डबा पिशवीत न टाकता त्यांच्या हाती निराळा देतात, आणि प्रत्येक वेळी तोंडानेही सांगतात. परवा त्या बाईंनी डबा कानाशी धरून हलवून पाहिला आणि विचारले, ‘आजी, सगळ्या घरांत सांगाल का असं?’ मातोश्री जिन्यापर्यंत गेल्या, आणि समोरच्या बिऱ्हाडाची घंटा वाजविली.